पंधरा यार्डांचा नमस्कार

इथे जर्मनीत, आमच्या बॉबलिंगेनच्या फुटबॉल क्लबात घरच्या मैदानावर सामना असला की मुलींच्या आयांनी केक करून आणायचा, असा रिवाज आहे. बापांनी काय करायचं हे कुणी सांगत नाही. ते सॉसेज भाजायच्या जाळीपाशी बिअर घेऊन उभे राहतात आणि त्यालाच मदत म्हणतात. पहिल्याच पालकसभेत मी सांगून टाकलं की मी केक आणणार नाही. येत नाही म्हणून नव्हे, आणायचा नाही म्हणून. दुसरं काही काम असेल तर द्या. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मुलींची कोच म्हणाली, साखळी धरायला एक माणूस कमी आहे. मी म्हटलं, ठरलं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ही साखळी फार महत्त्वाची. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्या आणि मध्ये साखळी, आणि काठ्या धरून आम्ही मैदानाच्या कडेला उभे. अट एकच, साखळीवाल्यांनी कुणाची बाजू घ्यायची नाही. टाळी नाही, ओरडणं नाही, पंचांशी हुज्जत तर नाहीच. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षाच होती. पण लेक सतरा वर्षांची, हेल्मेट घालून दुसऱ्या मुलींवर धाडधाड जाऊन आदळते, तेव्हा आईला मैदानाला चिकटूनच उभं राहायचं असतं.

त्या उन्हाळ्यात माझे सासरे, म्हणजे बाबा, पुण्याहून आमच्याकडे आले होते. त्यांना नातीचा हा खेळ मुळीच पसंत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी कुंपणाशी उभं राहून अर्धा तास पाहिलं आणि घरी येताना गाडीत मला म्हणाले, "अगं, एवढ्या वेळात चेंडूला पाय दोनदा लागला. बाकी सगळं हातानं. मग हा फुटबॉल कसला?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. मी जिथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, तिथे कॅन्टीनमध्ये एक सहकारी मला नेहमी डिवचायचा. इथे पायाने खेळतात तो फुसबाल, आणि हा इंग्रजी उच्चाराचा फुटबॉल. त्याच्या मते पहिला खेळ आणि दुसरा भंपकपणा. "आल्झो, म्हणजे कसं, भित्र्या लोकांचं रग्बी आहे ते," तो म्हणायचा. "म्हणून हेल्मेट घालतात." असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे मी सगळं वाचून काढलं होतं.

ते मी बाबांना सांगितलं. जुन्या इंग्लंडात गावोगाव, शाळाशाळांतून चेंडूचे खेळ होते, प्रत्येकाचे नियम वेगळे. कुठे लाथाडायचा, कुठे उचलून पळायचं, पण नाव सगळ्यांचं फुटबॉलच. काहींचं म्हणणं, घोड्यावर बसून नव्हे तर पायांवर उभं राहून खेळायचा म्हणून फुटबॉल. काही म्हणतात, चेंडूला लाथ मारायची म्हणूनच. छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. त्यातल्या एका शाळेच्या पद्धतीचं रग्बी झालं. रग्बी हे त्या शाळेच्या गावाचं नाव. त्याचंही पूर्ण नाव रग्बी फुटबॉलच. तोच खेळ समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या कॉलेजांत गेला, तिथल्या पोरांनी नियम पार बदलले आणि नाव तेवढं ठेवलं.

"म्हणजे रग्बीच की," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, नाही. रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकता येत नाही, मागेच द्यावा लागतो. इथे पुढे फेकता येतो. रग्बीत माणूस पडला तरी खेळ चालूच राहतो, त्याच्या अंगावरून झोंबाझोंबी होते. इथे पडला की शिट्टी, सगळे थांबतात, परत मांडामांड करतात. आणि रग्बीत ज्याच्याकडे चेंडू त्यालाच अडवायचं. इथे चेंडू नसलेल्यालाही आडवं जाता येतं. धडक कुठूनही येते. म्हणून हेल्मेट, भित्रे आहेत म्हणून नाही."

"आणि नाव? ते तरी बदलायचं."

"का बदलायचं?" माझा आवाज चढलाच. सगळं जग अमेरिकनांना सांगतंय, तुमचं नाव चुकलंय, आणि ते म्हणतात आम्हाला चालतंय. मला ही माणसं फार आवडतात.

पुढच्याच रविवारी पंचांचा तो पिवळा रुमाल पडला, नियम मोडल्याची खूण.

आमची लेक बचावात खेळते. चेंडू घेऊन पळणाऱ्या मुलीला पाडणं हे तिचं काम. त्या दिवशी तिने एका उंच मुलीला कमरेला धरून सुरेख पाडलं. शिट्टी झाली. उठताना लेकीचा बूट त्या मुलीच्या खांद्याला लागला. झालं. लेक वाकली, त्या मुलीच्या खांद्याला बोटं लावली आणि तीच बोटं आपल्या छातीला लावून हेल्मेटसकट मान लववली.

यात नवीन काहीच नाही. कुणाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे तिला मी ती रांगत होती तेव्हापासून शिकवलंय. वहीला लागला तरी, दप्तराला लागला तरी. एकदा एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या गर्दीत एका सूटवाल्या जर्मन काकांना तिचा पाय लागला आणि तिने नमस्कार केला, तर त्यांनी आपली पाकीट-किल्ली खिशात आहे का ते चाचपून पाहिलं. पंचांनाही तसंच काहीतरी वाटलं असावं. पडलेल्या मुलीवर वाकून ही तिची टर उडवते आहे, असं त्यांनी ठरवलं. पिवळा रुमाल गवतावर. प्रतिस्पर्ध्याचा अपमान, पंधरा यार्डांचा दंड. त्या पंधरा यार्डांवरून समोरच्यांनी पुढे गुण केले आणि सामना आम्ही हरलो.

मी काठी घट्ट धरून उभी होते. दात इतके आवळले होते की संध्याकाळी जबडा दुखत होता.

सामना संपल्यावर कोच माझ्याकडे आली. बाई चांगली आहे, रोखठोक. लेकीने तिला सगळं समजावलं होतं आणि तिला ते समजलंही होतं. "पण पंचांना नाही समजत," ती म्हणाली. "दर वेळी वेगळा पंच, कुणाकुणाला सांगायचं? तिला तुमच्या भाषेत सांग, मैदानावर हे बंद. पुन्हा रुमाल पडला तर मी तिला बाकावर बसवेन. गेनाऊ, अगदी तसंच."

घरी बाबांनी तर निकालच लावला. "पोरीनं संस्कार पाळले आणि त्याची शिक्षा? सोडा तो खेळ." आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू फोनवर म्हणाल्या, "टेनिस लाव ना तिला. त्यात कुणाला पाय लागतच नाही." थोडक्यात, कोचला नमस्कार नको होता आणि आमच्या माणसांना खेळ नको होता. दोन्हीकडून माणसं समजूतदारपणे सांगत होती की यातलं एक सोड. मला त्या समजूतदारपणाचाच संताप आला. सोडायचं नेहमी आमच्याच पोरीने का? पंचांनी एक नमस्कार शिकावा की.

तरी मी लेकीला विचारलं. खेळणार तीच होती. ती बूट घासत बसली होती, मान वर न करता जर्मनमधून बोलली. म्हणाली, मी त्या मुलींच्या अंगावर पूर्ण ताकदीनं जाते. जाऊ शकते, कारण मला माहीत असतं की माझ्या मनात त्यांच्याबद्दल वाईट काही नाही. पाय लागला आणि मी तशीच उठून गेले, तर मग मी फक्त मारामारी केली. तसं मला नाही खेळायचं.

मी कोचला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "मी तिला काही सांगणार नाही."

"मग ती बाकावर बसेल," कोच म्हणाली.

"बसव," मी म्हटलं.

तोंडाने म्हटलं, पण त्या आठवड्यात माझं कामात लक्ष नव्हतं. या मुलीने सगळा हिवाळा बर्फात धावून संघात जागा मिळवली होती. एक शब्द मी बोलले असते तर ती जागा टिकली असती. मला ते कळत होतं आणि तरी मी बोलणार नव्हते.

पुढचा सामनाही घरच्याच मैदानावर. बाबा नको नको म्हणत आले आणि कुंपणाशी उभे राहिले. पहिला बराच वेळ काही झालं नाही. मग समोरच्यांची एक बुटकी, चपळ मुलगी कडेने सुटली, अगदी माझ्या दिशेने. लेकीने तिला माझ्या काठीपासून हातभर अंतरावर आडवी केली. शिट्टी. उठताना गुडघा सरकला आणि पाऊल त्या मुलीच्या पोटरीला लागलं.

लेकीने पंचांकडे पाहिलं. पंच तिच्याकडेच पाहत होते. तिने सावकाश, सगळ्यांना दिसेल असा नमस्कार केला.

रुमाल पडला.

"अहो, पाय लागला तिचा!" कुंपणाकडून बाबांचा आवाज आला, शुद्ध मराठीत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. "नमस्कार नाही करायचा तर काय करायचं?" जाळीपाशी उभे असलेले बाप वळून बघायला लागले. मी साखळीवाली, मला तोंड उघडायला बंदी. काठी उचलली आणि माझ्या लेकीच्या विरुद्धचे पंधरा यार्ड मीच चालून गेले, ताठ मानेने. लेक कुणी बोलवायच्या आत बाकावर जाऊन बसली. रडत नव्हती. हेल्मेट मांडीवर घेऊन खेळ बघत होती.

तिच्या जागी आलेल्या मुलीला ती बुटकी दोनदा चकवून गेली. साखळी पुढे, पुन्हा पुढे. मी काठी रोवत रोवत बाकाच्या अगदी जवळ आले, तेव्हा कोच लेकीसमोर उभी होती.

"पुन्हा करशील?" कोचने विचारलं.

"पाय लागला तर करीन," लेक म्हणाली.

कोचने एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा कुंपणावर वाकून अजून पंचांना सुनावणाऱ्या बाबांकडे, आणि मग माझ्याकडे. मी नजर वळवली नाही.

"जा," ती लेकीला म्हणाली. "आधी पाड तिला. मग काय करायचं ते कर. पंधरा यार्ड आम्ही बघून घेऊ."