बाजूच्या खोलीतला मासा

परजीवी नावाच्या जातीवर आमच्या वन्संनी जेवढा डूख धरला, तेवढा हिंगोली जिल्ह्यात कुणी कुणावर धरला नसेल; आणि इथे बांधाच्या भांडणावरून तीन-तीन पिढ्या बोलणं बंद असलेली घरं आहेत, हे लक्षात घेऊन मी हे म्हणते आहे. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि आमच्याच घरात राहायच्या, किंवा खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्या घरात राहायचो. कुणी नमस्कार केला की त्या उलट नमस्कार करत नसत. "जंताचं औषध कधी घेतलं?" असं विचारत. दूधवाल्याला विचारलं, नव्या तहसीलदारांना विचारलं, लग्नाच्या मांडवात अक्षता पडायच्या आत नवरदेवाला विचारलं. त्यांना स्वतःला बघायला पाहुणे आले होते तेव्हा मुलाने बोलता बोलता सांगितलं की आमच्याकडे नदीचं पाणी गोड आहे, आम्ही तसंच पितो. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "मग आधी शौच तपासून या, पुढचं नंतर बोलू." पाहुणे चहा न पिता उठले. "पोरगं चांगलं होतं," असं सासूबाई नंतर कितीतरी वर्षं म्हणायच्या. वन्संचं उत्तर ठरलेलं असे, "पोरगं चांगलंच होतं. त्याच्या पोटात काय होतं ते बघायला नको?"

या रागाला कारण होतं. लहानपणी त्यांच्या पायातून नारू निघाला होता. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढलेला तो दोऱ्यासारखा किडा त्या कधी विसरल्या नाहीत. घोट्याजवळचा वण दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या तासाला दाखवायच्या आणि मगच हजेरी घ्यायच्या. नोकरीच्या सुरुवातीला साखरा गावच्या शाळेत होत्या, तेव्हा धोतराचं चौपदरी फडकं घेऊन बारवेवर उभ्या राहायच्या आणि प्रत्येकीच्या घागरीच्या तोंडाला ते बांधून पाणी गाळायला लावायच्या. तांड्यावरच्या बाया वैतागायच्या. "बाई, लेकरं तहानली न् तुमी फडकं बांधून राहिल्या!" वन्सं म्हणायच्या, "तहानलेलं लेकरू थांबतं. नारू थांबत न्हाई."

नवं ते आधी वेगळं ठेवायचं, हा त्यांचा दुसरा नेम. बाजारातून आणलेली डाळ, पाहुण्याची वळकटी, खोकत आलेला मावसभाऊ, सगळं आधी ओसरीवर. मावसभाऊ दोन दिवस ओसरीवर जेवला आणि परत कधी आला नाही. पण ज्या वेगळं ठेवण्याला सबंध घराची मान्यता होती, ते मात्र त्यांनी मोडून काढलं. मागच्या अंगणात, आडाच्या पलीकडे, एक बाजूची खोली होती. बायकांनी महिन्याचे ते दिवस तिथे बसायचं, वेगळ्या ताटात जेवायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि मग घरात यायचं. सासऱ्यांकडे देवळाची पूजा होती, त्यामुळे आमच्याकडे हे जरा जास्तच कडक. त्र्याण्णव साली मी लग्न होऊन आले. पहिल्याच महिन्यात त्या खोलीत माझं ताट सरकवलं गेलं. वन्सं शाळेतून आल्या, पर्स न ठेवता सरळ खोलीत शिरल्या, माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या ताटातली भाकरी मोडून खायला लागल्या. सासूबाई दारातून ओरडल्या, "अगं, शिवलीस की तिला! काहून असं केलंस?"

"वेगळं बसवायचं ते आजाऱ्याला. हिला काय झालंय?"

"आता तूपण बस तिथंच!"

"बसते की. स्वयंपाक तू कर."

आम्ही दोघी बसलो, स्वयंपाक सासूबाईंवर पडला, धुणं-भांडी पडली, वर पूजेची तयारी पडली. पुढच्या महिन्यातही हेच. तिसऱ्या महिन्यात सासूबाईंनीच मला आतून हाक मारली, "निर्मला, पोळ्या लाटायला ये." त्या दिवसापासून त्या खोलीत कांदे आणि गोवऱ्या राहायला लागल्या. मात्र मायलेकींचं बोलणं तेव्हापासून कामापुरतं झालं. एका घरात राहून, एका पंक्तीत जेवून, 'मीठ दे' आणि 'वीज गेली' यापलीकडे फारसं नाही.

माझ्यावरचे त्यांचे उपकार तिथे संपत नाहीत. मुलगी दीड वर्षांची असताना त्यांनी मला नांदेडला लॅबच्या कोर्सला घातलं. मी पहाटे कळमनुरीवरून जाणारी बस धरायची आणि वन्सं मुलीला काखेत मारून शाळेत न्यायच्या, शेवटच्या बाकावर झोपवायच्या. आभार मानायला गेलं की म्हणायच्या, "आभार राहू दे. गाळणं धुतलंस का?" मी गेली कित्येक वर्षं मायक्रोस्कोपवर पोट भरते, ते त्यांनी भरवलेलं आहे.

निवृत्त झाल्यावर त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला गेल्या आणि येताना मासा घेऊन आल्या. त्यांच्या साखऱ्याच्या शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याचं तिथे काचेच्या टाक्यांचं दुकान होतं. फुगवलेली पिशवी दोन्ही हातांनी उचलून धरलेली, डोळ्याला पट्टी. गाडीत लोकांनी सलाईन समजून त्यांना खिडकीची जागा दिली. मासा साधा नव्हता, खाऱ्या पाण्यातला होता. आमच्या गल्लीत समुद्र बघितलेली माणसं चार-दोनच असतील, आणि वन्संनी तो बादलीत कालवायला सुरुवात केली. समुद्राचं म्हणून खास मीठ पार्सलने यायचं. पाण्यात तरंगणारी एक काचेची नळी होती, ती जितकी वर तरंगेल तितकं पाणी खारं. शेंदरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या या माशाला सासूबाईंनी शेंदऱ्या म्हणायला सुरुवात केली. वन्संना नाव ठेवणं मान्य नव्हतं आणि सासूबाईंना घरात मासा असणं. तरी दोन्ही राहिलं.

हळूहळू बैठकीत मोठी काचेची टाकी आली, आणखी तीन मासे आले. त्यांच्यासाठी वन्सं सिद्धेश्वरच्या धरणावर जाऊन बारीक झिंगे आणायच्या. ज्या घरात चातुर्मासात कांदा शिरत नाही, त्या घरची बाई मासळी निवडत बसलेली बघून तिथला भोई हैराण व्हायचा. "बाई, एवढुशा झिंग्याची भाजी तरी व्हते का?"

"मला नकोत. माशाला पाहिजेत."

"घ्या! आमी मासे धरून माणसाला इकतो, न् तुमी माशालाच जेवू घालून राहिल्या!"

तेव्हा भारनियमन जोरात होतं. वीज गेली की पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडायचा. मग घरात येईल त्याने टाकीतलं पाणी तांब्याने भरून वरून धार सोडायची, असा नियम होता. तांब्या स्टीलचा; खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं म्हणून तांब्यापितळेची भांडी टाकीजवळ आणायला बंदी होती. विम्याचा हप्ता मागायला आलेला माणूस, पत्रिका द्यायला आलेलं जोडपं, सगळे चहा होईपर्यंत धार सोडत उभे. "बाईंच्या घरी जायचं तर पहिले वीज आहे का बघा," असं लोक एकमेकांना सांगायला लागले.

आणि मग, सबंध आयुष्यात एकदाच, वन्संनी आपला नेम मोडला. हैदराबादचा तो विद्यार्थी स्वतः एक निळा मासा घेऊन भेटायला आला. नवा मासा आधी काही आठवडे वेगळा ठेवायचा, हे वन्संना त्याच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण तो टाकीसमोर कौतुकाने उभा होता, "बाई, सोडा ना, बघू कसा दिसतो," म्हणत होता, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत वन्सं कधीकधी मऊ पडायच्या. सोडला. आठवडाभरात निळ्याच्या अंगावर बारीक रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. मग सगळेच दगडाला अंग घासायला लागले, कल्ले धापा टाकल्यासारखे हलायला लागले. निळा गेला. पाठोपाठ तिघं गेले. उरला शेंदऱ्या, त्याच्याही शेपटीवर रवा.

वन्संनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा काचेने अलगद खरवडला, स्लाइडवर घेतला, ओला कापूस घातलेल्या डब्यात ठेवला आणि रिक्षाने माझ्या लॅबमध्ये आल्या. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कुठाय?" त्या म्हणाल्या, "टाकीत." मी सकाळपासून जंतांची अंडी बघत होते, ती स्लाइड बाजूला करून ही लावली. एक गोल, काळपट गोळा, कडेला बारीक केस, जागच्या जागी गरगर फिरत होता. मी सरकले, त्यांनी डोळा लावला. फार वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळ्या जिल्ह्याला सांगत फिरले, आणि आपल्या घरात मीच आणला. हा गेला तर टाकी काढून टाकायची, निर्मला. मला यातलं काही कळत नाही असं समजायचं." त्या संध्याकाळी दूधवाला पोट दुखतंय म्हणाला. वन्सं नुसतं "बरं" म्हणाल्या. औषधाचं विचारलं नाही. तेव्हा मात्र मी घाबरले. मासा मेला असता तर मला फार काही वाटलं नसतं. पण त्याच्याबरोबर आमच्या वन्सं जाणार होत्या.

उपाय त्यांना माहीत होता. "किड्याला खारं पाणी लागतंच. माशाला ते नुसतं आवडतं." म्हणजे माशाला वेगळ्या टबात घ्यायचं, पाण्याचं मीठ कमी करत न्यायचं आणि महिनाभर तसंच ठेवायचं. किडा फुटून मरतो, मासा तगतो. तोवर मोठ्या टाकीत एकही मासा ठेवायचा नाही, म्हणजे तिथली पिल्लावळ उपाशी मरते. शांत, सावलीची, आडाजवळची जागा पाहिजे होती. अशी जागा घरात एकच होती. कांदे-गोवऱ्या बाहेर काढल्या आणि प्लॅस्टिकच्या टबात बसून शेंदऱ्या बाजूच्या खोलीत गेला.

सासूबाई दारापर्यंत आल्या. "म्हणजे सुनेला बसू दिलं न्हाईस, न् मासा बसवलास?"

"तो आजारी आहे."

"मग चौथ्या दिवशी येईल घरात?"

"बघू," वन्सं म्हणाल्या. त्यांचं लक्ष नळीकडे होतं, उत्तराकडे नव्हतं.

इथेच चूक झाली. हात धजत नव्हता म्हणून वन्सं रोज जेमतेम वाटीभर गोडं पाणी घालायच्या. ठिपके वाढत होते. चौथ्या दिवशी मी लॅबमध्ये आणि वन्सं हैदराबादला फोन लावायला एसटीडीवर गेलेल्या असताना सासूबाईंनी नियमाप्रमाणे चुलीवर आडाचं पाणी कोमट केलं आणि दोन कळश्या शेंदऱ्याच्या डोक्यावरून ओतल्या. शिकेकाई घातली नाही, त्याला झोंबेल म्हणून.

मी घरी आले तर वन्सं टबाशी गुडघ्यावर बसलेल्या. नळी पार खाली बुडाली होती. मासा तळाला आडवा.

"काय केलंस आई तू! मारलंस त्याला!"

"न्हाऊ घातलं. चौथा दिवस होता. तूच बघू म्हणालीस."

"तो मासा आहे! त्याला कसला चौथा दिवस!"

"मग ह्या खोलीत काहून ठेवलास?" सासूबाईही आता रडायच्या बेताला आल्या होत्या. "ह्या खोलीत जे बसलं त्याला मी चौथ्या दिवशी न्हाऊच घालणार. मला दुसरं काय येतं?"

वन्संनी मिठाचा डबा ओढला. मी त्यांचा हात धरला. किडा फुटून मरायला जेवढं गोडं पाणी लागतं, नळी बरोबर तेवढ्यावर आली होती. वन्सं ज्या जागी महिन्याच्या मध्यात पोचल्या असत्या, तिथे सासूबाई एका न्हाण्यात पोचल्या होत्या. "आता वर नेऊ नका. राहू द्या," मी म्हटलं. त्यांच्याशी आवाज चढवून मी तेवढी एकदाच बोलले. आम्ही तिघी तिथेच बसलो. चुलीवर काही नव्हतं, आमचे हे दारात येऊन "जेवायचं काय?" विचारून आमची तोंडं बघून परत गेले. दिवेलागणीच्या सुमाराला शेंदऱ्याने एक कल्ला जोरात हलवला, उलटा-सुलटा झाला, आणि सरळ होऊन टबाच्या कडेकडेने फिरायला लागला.

पुढच्या दिवसांत ठिपके गळाले. मी स्लाइडवर स्लाइड बघितल्या, गरगर फिरणारं काही दिसलं नाही. तरी महिना पुरा करायचा होता. सासूबाईंना ते पटत नव्हतं. "न्हाल्यावर पण बाहेरच? कुठल्या शास्त्रात?"

"माझ्या."

"एकटं लेकरू," त्या म्हणाल्या. "आमाला निदान आडावरच्या बायांचं बोलणं तरी ऐकू यायचं." त्या उंबऱ्यावर वाती वळत बसायला लागल्या. दोन-तीन दिवसांनी आत सरकल्या. वन्सं पाणी बदलायला यायच्या, त्या तिथेच थांबायला लागल्या. एकदा मी चहा घेऊन गेले तर सासूबाई सांगत होत्या, "पहिल्यांदा बसले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. रात्रभर वाटायचं, आपल्याला रोग झाला. कुणी आत येऊन बघायचं न्हाई." वन्संनी नळी पाण्यातून काढली नव्हती, पण त्या नळीकडे बघत नव्हत्या. "मला सांगितलं नाहीस कधी," त्या म्हणाल्या. "तू बोलत होतीस का माझ्याशी?" सासूबाईंनी विचारलं.

महिन्याने मीठ हळूहळू वाढवत शेंदऱ्याला पुन्हा समुद्राची सवय केली आणि मोठ्या टाकीत सोडला. तो पुढे खूप जगला. आता तो नाही, सासूबाई नाहीत आणि वन्संही नाहीत. पण मासा बैठकीत गेल्यावरही त्या दोघी दुपारी त्या रिकाम्या खोलीतच जाऊन बसायच्या. कांदे परत ठेवायचे राहून गेले. मी लॅबमधून यायचे तेव्हा बोलण्याचा आवाज आडापर्यंत यायचा, मधेच कुणीतरी हसायचं. मला आत जाऊन बसावंसं फार वाटे. पण मी दाराशी दोन कप चहा ठेवायचे आणि पावलांचा आवाज न करता परत फिरायचे.