धुऱ्यावर जुळलेली जोड

मी फिजिक्सची बी.एस्सी. भूत, चकवा, नजर लागणं... या सगळ्यावर मनसोक्त हसणाऱ्यांपैकी. या सदरातले अनुभवही आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले, खोटं कशाला बोलू. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर धाकटी बहीण फिदीफिदी हसतेय. हसू दे.

मी शबनम, सिंदेवाहीची. कापडावर छापायची डिझाइन्स काढते — फ्रीलान्स. क्लायंट डेन्मार्कमध्ये आणि मी अब्बूंच्या टेलरिंगच्या दुकानावरच्या खोलीत. जगात कुठूनही काम करता येतं ना, मग आमच्या गल्लीतून का नाही, हा माझा हट्ट. अब्बूंना हे काम काही पटत नव्हतं. पुण्याच्या एका ऑफिसातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. शेवटी आमचं ठरलं — डेन्मार्कच्या बाईंनी वर्षभराचं काम दिलं तर मी घरी, नाहीतर मुकाट्याने पुणे. मला जायचं नव्हतं. अजिबात.

बाईंनी शेवटचं एक सँपल मागितलं होतं. मी मोहाची पानं-फुलं काढली. छान झाली होती, पण जोड बसेना. म्हणजे असं — डिझाइनचा एकच चौकोन कापडभर पुन्हा पुन्हा छापतात, तेव्हा एका चौकोनाची कड दुसऱ्याला बेमालूम मिळायला हवी. माझ्या दोन चौकोनांमध्ये मात्र रिकामा पट्टा दिसायचा, नाकासमोर जाणाऱ्या रस्त्यासारखा. चार दिवस डोकं आपटलं. आणि द्यायच्या दिवशीच रस्त्याच्या खोदकामात गल्लीतली इंटरनेटची केबल तुटली.

सुशीलाबाई अब्बूंच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचं शेत गावाबाहेर, मोबाईल टॉवरच्या अगदी समोर. लॅपटॉप घेऊन दुपारी तिकडे गेले. जुलैचा महिना, धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू. सुशीलाबाई आणि आणखी पाच बाया बांधीतल्या, पाणी साठवलेल्या वाफ्यातल्या, चिखलात वाकलेल्या. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पळसाखाली बसले, मोबाईलवरून नेट जोडलं आणि परत त्या पट्ट्याशी झटापट सुरू केली.

तीन वाजता सुशीलाबाईंनी मान वर केली. "काऊन वं शबनम, तू तं नुसती बसूनच राह्यली."

"काम करून राह्यली ना बाई. चारले द्याचं आहे."

"ते आमाले नाई समजत. रोवण्यात धुऱ्यावर आला त्यानं एक पेंढी रोवूनच जाव लागते. कलेक्टर आला तरी."

हा त्यांच्या शेतातला रिवाज. मागे एकदा कृषी अधिकाऱ्यालाही बूट काढायला लावले होते म्हणे. बायांनी काम थांबवलं आणि सगळ्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. काय करणार? लॅपटॉप मिटला, सलवार वर खोचली आणि उतरले.

डाव्या हातात रोपांची पेंढी, उजव्या हाताने दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या. माझी ओळ सापासारखी वळवळत गेली. बाया हसून बेजार. "असा रोवणा पाहून बेडूक बी रस्ता चुकन," एक म्हणाली. मीही इतकी हसले की चिखलातच बसले. चार दिवसांत पहिल्यांदा डोकं हलकं झालं. किती बरं वाटलं, सांगता येणार नाही.

अर्ध्या तासाने हात-पाय धुऊन वर आले, पासवर्ड टाकला. पट्टा नव्हता.

आधी वाटलं, चुकीची फाइल उघडली. नाही, तीच होती. कडेवर तीन पानं आणि एक अर्धवट उमललेलं फूल आलं होतं, आणि चौकोन चौकोनाला असा भिडला होता की मलाच कड सापडेना. फाइल सेव्ह झाल्याची वेळ तीन वाजून एकोणीस मिनिटं. तेव्हा मी कोपरापर्यंत चिखलात होते, सहा बायांच्या देखत. कीबोर्ड स्वच्छ कोरडा. धुऱ्यावर कोणी चढलेलं बायांनी पाहिलं नव्हतं. "आमी तं तुलेच पाहून राह्यलो होतो," सुशीलाबाई म्हणाल्या. खरंच होतं ते.

डेन्मार्कच्या बाईंना फोन करून सरळ सांगितलं की ही जोड मी केलेली नाही, कशी आली माहीत नाही. तुमच्याकडून कोणी फाइलला हात लावला का? त्यांच्याकडे तर ती फाइल पोचलीच नव्हती. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. तशीच पाठव म्हणाल्या. पाठवली. दोन दिवसांत वर्षभराचं काम नक्की झालं आणि मी दुकानातल्या बाकावर चक्क उडी मारली.

माझ्याकडून तर्क करायचे तेवढे करून झाले. आधीच काढून विसरले असेन? चार दिवसांच्या सगळ्या जुन्या प्रती तपासल्या, ती पानं कशातच नाहीत. उन्हात चक्कर येऊन भास? पण फाइल आहे, कापडही छापून आलं. उत्तर आजही नाही.

ते कापड कुरिअरने आलं तेव्हा अब्बूंनी चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळलं. चाळीस वर्षं शिवणीवर कापडाच्या चौकड्यांची जोड जुळवत आलेला माणूस. नेमकं त्या तीन पानांवर बोट ठेवलं.

"बेटा, हे तुह्या हातचं नाई. हे डावखुऱ्याचं काम आहे. रेघेचं वळण पाह्य."

आमच्या घरात डावखुरं कोणी नाही, आधीही नव्हतं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील, दुआ-तावीज काढतील. त्यांनी कापडाची शांतपणे घडी घातली आणि मापाची टेप गळ्यातून काढली.

"कोणाचा बी असो हात. त्याले सलाम," ते म्हणाले. "तू घरी राह्यली ना... उभी राह्य इथी, कुर्त्याचं माप घेतो."