कटफळला थांबलेली गाडी

आमच्या पॅकिंगच्या पट्ट्यावर ती माझ्या शेजारी उभी राहायची. बारामती एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात आम्ही दोघी पिशव्या क्रेटमध्ये लावायचो. ती पणदऱ्याची, माझ्याहून बरीच लहान. मी माहेरची कळंबची, लग्नानंतर बारामतीत आले. तिचा नवरा रेल्वेच्या रुळांवर कंत्राटी कामाला होता. रुळाखालची खडी ठोकून घट्ट करायची, कडेचं गवत काढायचं, ऊन असो की थंडी. त्यांच्या घरात मोबाईल एकच. त्या दिवशी त्यांची मुलगी तापली होती, सासू शेजारणीच्या फोनवरून कधीही फोन करील म्हणून तो मोबाईल हिच्याकडे होता.

कारखान्यात मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. दुपारी गेटवरचा वॉचमन स्वतः आत आला. म्हणाला, "अगं, तुझा फोन थांबंना. बाहेर ये." मुलीचं काही झालं असेल असं वाटून मीही तिच्यामागं गेले. तिनं फोन कानाला लावला, थोडं ऐकलं आणि माझ्या हातात दिला. पलीकडून एक माणूस सांगत होता की कटफळच्या पुढं, वळणावर, नुसतं इंजिन आलं आणि तिचा नवरा खाली सापडला.

तो फोन माझ्या हातात होता. हे मी ठासून सांगते, कारण संध्याकाळपर्यंत सगळ्या बारामतीत एकच गोष्ट पसरली: पोरगा कानात हेडफोन घालून गाणी ऐकत होता, त्याला शिट्टीच ऐकू आली नाही. ही गोष्ट कंत्राटदाराच्या सुपरवायझरनं सांगितली. मोबाईलवरच्या बातम्यांत तीच आली, चहाच्या गाड्यावर तीच, आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्येही तीच. ज्याच्याजवळ फोनच नव्हता, त्याच्या कानात यांनी हेडफोन घातले.

खरं काय झालं ते त्याच्या टोळीतल्या बायकांनी मातीच्या वेळी सांगितलं. रुळावर टोळी काम करते तेव्हा एक माणूस लांब उभा करावा लागतो. त्याच्या हातात लाल झेंडी आणि शिट्टी. त्यानं फक्त गाडीवर नजर ठेवायची. त्या दिवशी माणसं कमी होती, म्हणून सुपरवायझरनं त्या झेंडीवाल्यालाही घमेलं उचलायला लावलं. वळणावर वेड्या बाभळी इतक्या माजलेल्या की पलीकडचं काही दिसत नाही. इंजिन अंगावर आल्यावरच दिसलं.

मी हिला घेऊन पोलिसांकडे गेले. फोन दाखवला, कारखान्याच्या गेटवर तो जमा होता हे सांगितलं. वॉचमन साक्ष द्यायला तयार होता. समोरचा पोलीस म्हणाला, "दुसरा फोन असंल की त्याच्याकडं." हिनं मान हलवली, "न्हवता साहेब. एकच हाय आमच्यात." तो म्हणाला, "बायकांना सगळं माहीत असतंय असं न्हाय." माझ्या हातात त्या वेळी काही जड असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या आईला पुण्याला न्यायची तारीख होती; आजारपणात ती माझ्याकडेच राहत होती. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध घ्यायला जावं लागायचं. आम्ही रेल्वेनंच जायचो. एसटीत तिला बसवत नसे, शिवाय तिला घडीघडीला लघवीला लागायचं. एसटी कुणासाठी किती वेळा थांबवणार? गाडीत निदान संडास तरी असतो.

सकाळची गाडी बारामतीहून सुटली आणि कटफळला येऊन थांबली. बराच वेळ हललीच नाही. मग डब्यात बातमी आली की रुळावर कामगार बसलेत. संप केलाय. कंत्राटी तर बसलेच, त्यांच्याबरोबर रेल्वेचे कायमचे गँगवालेही बसले होते. मागण्या दोनच. प्रत्येक टोळीला झेंडीवाला द्या, आणि मेलेल्या पोराच्या नावावर घातलेलं खोटं मागं घ्या.

डब्यात बोंबाबोंब सुरू झाली. कुणाची कोर्टात तारीख, कुणाची परीक्षा, कुणाला दौंडला पुढची गाडी धरायची होती. त्यांचं खोटं नव्हतं. मलाही आईचं औषध दिसत होतं. नळाचं पाणी संपलं, संडासाची घाण डब्यात यायला लागली. आई ओठ दाबून बसली होती. आमच्यासमोर खिडकीशी एक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस होता, रोजचा प्रवासी, पुण्यात कुठंतरी नोकरीला. तो मोठ्यानं म्हणाला, "कानात हेडफोन घालून मरायचं यांनी, आणि आमच्या गाड्या अडवायच्या!" दोघंचौघं हसले.

मी उठून उभी राहिले. म्हणाले, "त्याचा फोन माझ्या हातात होता. तो मेला तेव्हा त्याचा फोन आमच्या कारखान्याच्या गेटवर होता. तुम्ही बघितले का हेडफोन?"

"बातमीत आलं होतं, ताई."

"मी सांगतेय ना, मी तिथं होते."

"तुम्ही कशाला मनावर घेताय?" असं म्हणून त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की माणसं निदान गप्प होतील. कुणी गप्प झालं नाही. मागून एकजण म्हणाला, "असंल तिची पाव्हणी." आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "उतर खाली. मला हितं बसायचं न्हाय. आन मला जायचंय."

स्टेशनातल्या बायकांच्या मुतारीला कुलूप होतं. आईला घेऊन मी तशीच रुळाच्या कडेनं पुढं गेले, कामगार बसले होते तिथं. खडीवर पाय मुरगळत होता, आई माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होती. मला आता त्यांचाही राग आला होता. त्यांच्यातला म्हातारा मुकादम, रेल्वेचा कायमचा माणूस, सगळे त्याला तात्या म्हणत होते, त्याच्यासमोर जाऊन मी ओरडले, "तात्या, माझ्या आईची औषधाची तारीख हाय आज. अडवायचं कुणाला आन तुमी अडवताय कुणाला?"

तो उठून उभा राहिला. म्हणाला, "मग कुणाला अडवू, बाई? सायबाच्या दारात आमाला कोण उभं करत न्हाय. कंत्राटदार फोन उचलत न्हाय. हे रूळ तेवढे आमच्या हातात हायेत. दुसरं काय हाय सांग, तिथं जाऊन बसतो."

 ते ऐकून माझा राग आणखीच वाढला.

टोळीतल्या दोन बायकांनी तोवर आईला हाताला धरून त्यांच्या पत्र्याच्या खोलीमागं नेलं. परत आणताना एकीनं तिच्या डोक्यावर पदर धरला होता, ऊन लागू नये म्हणून. तात्यानं गावातल्या एकाला जीप घेऊन बोलावलं. "दौंडपर्यंत सोड यांना, पुढं गाड्या मिळतील," म्हणाला. जीपमध्ये चढताना आईनं त्याला विचारलं, "तुमचं काय हुईल?"

"बघू," तो म्हणाला. "मागल्या येळेला कुणी कायच केलं न्हाय, तवा बी माणूस मेलाच की."

आम्ही निघालो तेव्हा पोलिसांच्या गाड्या कटफळकडे जाताना दिसल्या.

पुण्यात पोचायला दुपार उलटली. सलाईन देणारा विभाग त्या दिवशी आणखी रुग्ण घेत नव्हता. खिडकीमागची बाई म्हणाली, "वेळ पाळता येत नाही तर तारखा कशाला घेता?" मी सांगितलं की रेल्वेचा संप होता. ती म्हणाली, "सगळ्यांना काही ना काही असतंच. पुढच्या आठवड्यात या." आई बाकड्यावर बसून माझ्याकडे बघत होती. त्या बाईला उलट बोलू नकोस, असं तिच्या डोळ्यांत होतं. मी बोललेच.

संप त्याच संध्याकाळी मिटला. एक साहेब आला, झेंडीवाला देतो म्हणाला आणि खरंच दिला. त्या मार्गावर आता टोळीपासून लांब एक माणूस झेंडी घेऊन उभा दिसतो. खोटं मागं घ्यायचं मात्र राहिलं. "चौकशी चालू आहे" एवढंच उत्तर मिळालं. रुळावर बसलेल्या कंत्राटी माणसांपैकी एकालाही नव्या कंत्राटात घेतलं नाही. आईच्या डोक्यावर पदर धरणारी बाई मला नंतर एकदा मंडईबाहेर कोथिंबीर विकताना दिसली. तात्याची बदली लांब केली, निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना. चौकशीत काय निघालं ते मेलेल्या पोराच्या बायकोला कुणी सांगितलं नाही. ती अजून माझ्या शेजारी पट्ट्यावर उभी असते. कंत्राटदाराचा सुपरवायझर तोच आहे.

आईची औषधं पुढं पूर्ण झाली. पुढं ढकललेल्या त्या आठवड्यानं तिचं काही बिघडलं का, हे डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारलं की म्हणतात, आता पुढचं बघा.

परवा तपासणीला पुण्याला निघालो. गाडी भरलेली होती. आम्ही आत शिरलो तर खिडकीशी तोच पांढऱ्या शर्टातला माणूस. त्यानं आम्हाला ओळखलं. शेजारच्या जागेवरची बॅग उचलून मांडीवर घेतली आणि आईला म्हणाला, "बसा मावशी."

आई म्हणाली, "नको."

"अहो, बसा. उभं राहवत नाही तुम्हाला."

"मला तुमच्या शेजारी बसायचं न्हाय," आई म्हणाली, सगळ्या डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आमचं पोरगं खोटं ठरवलंत तुमी."

तिचं ते पोरगं कुणी नव्हतं. तिनं त्याला कधी पाहिलंही नव्हतं. माणूस हसल्यासारखं करून मोबाईल बघायला लागला. मी आईला खालच्या आवाजात म्हणाले, "बस की गं, त्रास तुलाच होणारय." ती ऐकेना. वरच्या कडीला तिचा हात पुरत नव्हता. एका हातानं दाराशेजारचा दांडा धरून, दुसरा पोटावर ठेवून ती दौंड येईपर्यंत उभी राहिली. ती जागा रिकामीच होती. मला त्या माणसाचा राग आला, त्याच्याकडे न बघणाऱ्या बाकीच्यांचा आला, आणि आईचाही आला.