ग्लोव्हजची पावडर

तलासरीच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात मी बाळंतपणाच्या खोलीत नर्स होते. दुपारी पेशंट ओसरले की वापरलेले ग्लोव्हज धुवायचे, दोरीवर वाळवायचे आणि पावडर चोळून पुन्हा निर्जंतुक करायला द्यायचे, हे माझं काम. माझं लग्न झालं त्या वर्षी, २०१६ मध्ये, हात खाजायला लागले. बोटांना चिरा पडल्या. आई डहाणूजवळ वरोरला, माझ्या माहेरी, मासळी विकते, ती म्हणाली, "साबणाचं झालं असंल, खोबरेल लाव." मी जास्त शहाणी. मी ग्लोव्हजचे दोन दोन जोड चढवायला लागले, म्हणजे आगीत तेलच.

एका दुपारी पावडर झटकताना छाती आवळली. श्वास आत जाईना. भिंत धरून उभी राहिले, आणि आधी काय पाहिलं, तर कुणी बघत नाही ना. रजा टाकून डहाणूला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "रबराची अ‍ॅलर्जी आहे. पावडरीबरोबर ते नाकातही जातं. पावडर बंद, ग्लोव्हज बिनरबराचे. आणि तुमच्यावर कुणी उपचार करणार असेल तर आधी सांगा. शरीराच्या आत रबर लागलं तर जिवावर बेतेल."

त्यांची चिठ्ठी मी साड्यांखाली दडवली. ग्लोव्हज न चालणारी नर्स कोण ठेवणार? पुढे दवाखान्यात सांगितलं तेव्हा नोकरी गेली नाही, उलट पावडरच बंद झाली आणि निळे, बिनरबराचे ग्लोव्हज आले. पण तेव्हा हे कुठं माहीत होतं? सर्दीचं निमित्त काढून पावडरीचं काम मी आयाबाईंच्या गळ्यात मारलं आणि रोज भीत भीत हात रबरात घालत राहिले.

मग दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला देवासारखी वाटली. वरोरच्या बायका बाळंतपणाला डहाणूच्या दवाखान्यात जातात, तिथं मला कोण ओळखतंय? तिथल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना शेवटच्या तपासणीला सांगायचं, तलासरीला पत्ता लागणार नाही. त्या तपासणीच्या आधीच कळा सुरू झाल्या.

आईनं रिक्षातून नेलं आणि तिला दाराबाहेरच थांबवलं. मी टेबलावर. अनोळखी सिस्टरनं ग्लोव्हज ओढला आणि पावडर उडाली. 

"सिस्टर, रबर नको. मला सोसत नाही."

"सगळ्याच काहीतरी नको म्हणतात. पाय सैल सोड."

हे माझंच वाक्य होतं. रोजचं. तिचा हात जवळ आला तसं मी मनगट घट्ट धरलं. "मी नर्स आहे. तलासरीला, बाळंतपणाच्याच खोलीत. मला अ‍ॅलर्जी आहे. हा हात आत गेला तर मी मरेन, बाळही जाईल."

ती थांबली. माझी फुटलेली बोटं उलटसुलट करून बघितली. ग्लोव्हज उतरवून हात खसखसून धुतले आणि लॅबमधून निळे मागवले. ते येईपर्यंतची मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत.

मुलगी झाली. ती रडली तशी मीही रडले. सिस्टर घाम पुसत म्हणाली, "बरं झालं नर्स आहेस. नाहीतर मी कुठं ऐकलं असतं?"

मी मान हलवली. माझ्या टेबलावरही बायका नको नको म्हणायच्या. त्यांतली एकही नर्स नव्हती.