स्क्रूमागचं हाड

देवावर मी रुसले होते, हे आज लिहितानाही संकोच वाटतो. कुरखेड्याच्या जंगलात मी वनरक्षक आहे. पायांवरच आमची नोकरी. गस्तीवर नाल्याचा काठ उतरताना घसरले, टाचेचं हाड चुरलं आणि पुढे टाचेवरचा सांधा दोन स्क्रू टाकून कायमचा जोडावा लागला. सहा महिने झाले तरी एक्स-रेमध्ये सांध्याच्या जागी काळी रेघ दिसतच होती. हाड जुळलेलं दिसत नाही, कदाचित कमरेतून थोडं हाड घेऊन पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मग मला कार्यालयात बसवतील, जंगल सुटेल, या विचाराने मी खचले. लहानपणापासून महादेवाला रोज हात जोडणारी मी, त्या महिन्यात त्याचं नावही घेतलं नाही.

ऑपरेशनची तारीख घ्यायला चंद्रपूरला गेले, तर आधी पुन्हा एक्स-रे काढायला सांगितलं. टेबलावर आडवी झाले आणि रडू आवरेना. महादेवा, मला आता काही सुचत नाही, तूच बघ, एवढंच मनात आलं. ते मागणं नव्हतं. मी हात टेकले होते.

फोटो काढणारे पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. पाय हळूच सरळ करत त्यांनी दुखतं का विचारलं. पूर्वीसारखं नाही, भार दिला तरी सोसतं, मी म्हणाले. ते पायाकडे बघत बोलले.

"बाई, ह्या फोटोत सगळं एकावर एक दिसते. स्क्रूच्या मागचं हाड झाकून जाते. डाक्टरसायबाले सीटीचं इचारून पाहा ना एकडाव."

मी विचारलं. डॉक्टर रागावले नाहीत. दुखणं कमी आहे तर बघूच, म्हणाले. सीटीत हाडाचे पातळ काप केल्यासारखे फोटो निघतात. डॉक्टर ते पडद्यावर एकेक सरकवत गेले आणि एका फोटोवर थांबले. स्क्रूच्या मागे एका हाडातून दुसऱ्या हाडात पांढरं, सलग हाड भरलं होतं, सांध्याच्या अर्ध्याहून जास्त भागात.

"जुळलंय," ते म्हणाले. "ऑपरेशन नको."

पावसाळा संपल्यावर मी माझ्या बीटात, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या जंगलात, पूर्ण गस्त घातली. टाच आता डावी-उजवीकडे वळत नाही, चढावर पाऊल जपून टाकावं लागतं. पण संध्याकाळी नाक्यावर पोचले तेव्हा सोबतचे गडी मागे राहिले होते, हे मी अभिमानाने सांगते.

चाचांचे आभार मानायला मुद्दाम गेले. त्यांना मी आठवतही नव्हते. "मी त सगळ्याइलेच सांगतो, बाई. तुमी इचारलं, म्हणून झालं." मी पाया पडायला वाकले, तशी ते मागे सरकले आणि त्यांनी वर बोट दाखवलं.

मी तोंड फिरवलं होतं, महादेवाने नाही. माझा हट्ट संपला, तेव्हाच त्याचं बोलणं एका परक्या माणसाच्या तोंडून मला ऐकू आलं. पुढच्या सोमवारी मार्कंड्याला महादेवाच्या देवळात गेले. मागायचं काही उरलं नव्हतं. वैनगंगेच्या घाटाच्या पायऱ्या अनवाणी, काठीशिवाय उतरले आणि तशाच चढून आले.