म्हातारीचं गाव आणि माझं डोकं

पंच्याऐंशी साली परदेशात, शॉमबर्ग गावच्या नाणी टाकून कपडे धुवायच्या लाँड्रीत एक इंग्लंडची म्हातारी नेहमी भेटायची. मी शर्ट कसाबसा गुंडाळला की ती न विचारता उलगडून नीट घडी घालायची. सुट्टीत लंडनमार्गे घरी चाललोय म्हटल्यावर तिने कागदावर आपल्या खेड्याचा नकाशाच काढून दिला. नदी, चर्च, जवळची पाणचक्की, पडका किल्ला.

"फोटो आण हं. चाळीस वर्षं बघितलं नाही मी."

वाचण्याशी आपलं वाकडं. नकाशा धरला उलटा आणि रुबाबात नदीच्या भलत्याच बाजूला गेलो. दिसेल त्याच्या हातात कॅमेरा देऊन अख्खा रोल संपवला. प्रत्येक फोटोत मधोमध मी, दात काढून.

परत आल्यावर म्हातारी फोटो बघून खो-खो हसली. "अरे बाबा, हे पलीकडचं गाव! यांना आम्ही दगड मारायचो!"

मी मान खाली घातली. तेवढ्यात तिने एक फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यात, माझ्या कानाच्या वर, लांब टेकडीवर इवलासा मनोरा दिसत होता. तिच्या चर्चचा.

तिने पर्समधून कात्री काढली, तेवढा तुकडा अलगद कापून जपून ठेवला आणि उरलेला मी मला परत दिला.