देवापुढे ठेवलेला स्वस्तातला मीटर

मैत्रिणींनो, आज तुमचा सल्ला हवाय. आमचे हे चाकणला कारखान्यांतल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतात. त्या तपासायला स्वस्तातला मल्टीमीटर मीच घ्यायला लावला, देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं.

आज एका गिऱ्हाईक कंपनीचे सुपरवायझर यांनीच दुरुस्त केलेली, पुन्हा जळालेली मोटार घेऊन आले. त्यांनी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या. शून्याजवळ यायला हवं, तर दर वेळी आकडा वेगळाच. म्हणाले, "काका, याने मोटारी तपासता? ताप मोजा याने!"

तारेचा कमी रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) नीट दाखवणारा, परवडणारा मीटर कुणाला माहीत असेल तर सांगा.

पण याच मीटरवर पास केलेल्या बाकी मोटारी कारखान्यांत चालू आहेत, त्यांच्या शेजारी माणसं काम करतात. हे म्हणतात, "फोन करून त्या मोटारी थांबवा म्हणून सांगितलं तर पुन्हा काम कोण देईल गं?"

फोन मी त्यांच्यापुढे ठेवलाय. ते उचलत नाहीत. मी लावू का?